बदाम सत्ती

तेरा फेब्रुवारीच्या रात्री पावणेदहाला शाळेच्या ग्रुपवर निरोप आला. ‘उद्या बालवर्गाचा रेड डे आहे. मुलांनी लाल कपडे घालून यावे व डब्यात हार्टच्या आकाराचा पौष्टिक खाऊ आणावा.’ शाळेचे निरोप कोपऱ्यावरचं दुकान बंद झाल्यावरच का येतात, यावर कुणीतरी पीएचडी करायला हवी.

लाल कपडे होते. धाकट्याला गणपतीत घेतलेला कुर्ता होता, फक्त सहा महिन्यांत मुलगा दोन इंच पुढे गेला होता आणि कुर्ता जागेवरच राहिला होता. पौष्टिकही जमलं. बिटाचा पराठा लालही आणि पौष्टिकही. अडलं ते आकाराशी. आमच्या घरात मोदकाचा साचा आहे, सोऱ्याच्या सहा चकत्या आहेत, शंकरपाळ्यांचं कातण आहे, पण प्रेमाचा साचा नाही. मी कातण फिरवायला घेतलं. पहिला पराठा वांग्यासारखा झाला. दुसरा अक्कलदाढेसारखा.

“हा दातांच्या डॉक्टरांना दे,” नवरा म्हणाला आणि वांगं खाऊन झोपायला गेला.

एवढ्यात सासूबाई पाणी प्यायला उठल्या.

“काय चाललंय गं या वेळी?”

“हार्ट कापतेय, आई.”

त्यांनी चष्मा लावून दाढेकडे पाहिलं. “अगं, मग बदाम म्हण की! विड्याचं पान डोळ्यांसमोर आण आणि देठापासून सुरू कर.” आणि माझ्या हातातलं कातण घेऊन त्यांनी पाच मिनिटांत सहा बदाम कापले, एकाच मापाचे. चाळीस वर्षं पत्ते खेळलेला हात होता तो.

चौथीतली थोरली अजून जागी होती. प्रेमाच्या बाबतीत ती शास्त्रीय विचारांची आहे. “आजी, खरं हृदय असं नसतं. ते मुठीएवढं असतं आणि त्याला चार कप्पे असतात.”

“चारच?” सासूबाई म्हणाल्या. “आपल्या मिसळणाच्या डब्याला सात आहेत.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवरा गुलाबांची गड्डी घेऊन आला. लग्नाला बारा वर्षं झाली, आजवर एक गुलाब कधी आला नव्हता, आज एकदम वीस. मी विरघळणार तोच खुलासा झाला. त्याच्या मित्राचं मावळात पॉलिहाऊस आहे. आम्ही चिंचवडला राहतो, मावळ इथून हाकेच्या अंतरावर. तिथले शेतकरी या एका दिवसासाठी डिसेंबरातच कामाला लागतात. महिन्याच्या मध्यावर झाडांच्या फांद्या वाकवून ठेवायच्या, म्हणजे जानेवारीच्या अखेरीपासून कळ्या हाताशी येतात. दांडा जितका लांब आणि सरळ तितका भाव जास्त. असा माल चौदा तारखेच्या आधीच विमानात बसून परदेशी जातो. ज्यांचा दांडा आखूड किंवा जरा वाकडा निघाला, ते गुलाब मागे राहतात. ते मित्राने प्रेमाने, म्हणजे फुकट, दिले होते.

स्थळांचंही असंच असतं. उंच, सरळ, निर्यातक्षम माल आधी बाहेर जातो, उरलेला स्थानिक बाजारात येतो. मी नवऱ्याकडे पाहिलं, पण बोलले नाही. सणाचा दिवस होता.

सासूबाईंनी एक फूल नाकाशी नेलं. “वास नाही याला.”

“डच गुलाब आहे, आई. दिसायला असतो.”

“मग गुलकंद नाही होणार.” त्यांच्या दृष्टीने गुलाबाचा खटला तिथेच निकाली निघाला. गावठी गुलाबाच्या पाकळ्या आणि खडीसाखर यांचे बरणीत थर लावून उन्हात ठेवणं, हे त्यांना माहीत असलेलं गुलाबाचं एकमेव प्रेमप्रकरण.

वाटणी थोरलीने केली. वीस भागिले पाच, प्रत्येकी चार. धाकट्याने मनीचा हिस्सा मागितला. मनी हा आमचा बोका. सासूबाईंनी देवाचा मागितला. मग थोरलीला वर्गशिक्षिका आठवल्या, धाकट्याला खालचे वॉचमनकाका आठवले. गणित तीन वेळा नव्याने मांडलं गेलं आणि शेवटी मला दोन गुलाब आले. नवऱ्याला गड्डीचा रबर आला.

जेवताना थोरलीने तिचा प्रकल्प वाचून दाखवला. संत व्हॅलेंटाईन रोमचे. पोप गेलॅशियस यांनी ४९६ साली त्यांच्यासाठी १४ फेब्रुवारी नेमून दिला, असं सांगतात. पण त्यांच्याबद्दल खात्रीने फारच थोडं माहीत असल्यामुळे चर्चनेच १९६९ साली त्यांना आपल्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून वगळलं.

“म्हणजे त्यांच्या कालनिर्णयातून काढलं?” सासूबाईंनी भाताला तूप लावता लावता विचारलं. “आणि आपण पाळतोय?”

जपानात या दिवशी बायका पुरुषांना चॉकलेट देतात, हे ऐकून नवऱ्याने मान वर केली. पुरुषांनी बरोबर एक महिन्याने, १४ मार्चला परतफेड करायची असते, हे ऐकून ती खाली घातली. फिनलंडमध्ये हा मित्रांचा दिवस असतो. आणि आपल्याकडे २०२३ साली पशू कल्याण मंडळाने १४ फेब्रुवारीला गाईला मिठी मारा असं आवाहन केलं होतं, ते काही दिवसांतच मागे घेतलं.

“गाईला विचारलं होतं का?” सासूबाई म्हणाल्या. प्रकल्पातला हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

ताटं उचलून झाल्यावर त्यांनीच कॅट काढला. “एवढे बदाम बदाम चाललंय, तर बदाम सातच खेळू.” पाच जणांत पत्ते वाटले. ज्याला हा खेळ येत नाही असा मराठी माणूस मला भेटलेला नाही, तरी सांगते. बदाम सत्ती ज्याच्याकडे असेल त्याने ती उतरवायची, मग तिच्या एका बाजूला छक्की, दुसऱ्या बाजूला अठ्ठी अशी रांग वाढवायची. वरच्या बाजूला राजा सगळ्यांत शेवटी येतो. त्याच्या आधी राणी. आणि राणीला घराबाहेर पडायचं असेल तर आधी गुलाम हलावा लागतो. मी हा नियम मोठ्याने म्हटला. नवऱ्याने तो ऐकलाच नाही असं दाखवलं.

“चला, सत्ती कुणाकडे?”

कुणी हललं नाही. सगळ्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, कारण पत्ते अडवून ठेवण्यात तो पटाईत आहे. त्याने हात उघडून दाखवला. मग थोरलीने धाकट्याची मांडी उचलली. खाली बदाम सत्ती होती.

“मी नाही देणार. यात सात बदाम आहेत. मी वाटलेत.”

“अरे राजा, सत्ती उतरल्याशिवाय डाव उघडत नाही,” सासूबाई म्हणाल्या.

“नको उघडू दे.”

मग यादी वाचली गेली. पहिला बदाम शाळेच्या बसमधल्या मावशींना, कारण त्या खिडकी देतात. दुसरा आजीला. तिसरा टीचरना. चौथा मनीला. पाचवा वॉचमनकाकांना. सहावा ताईला, पण ती उद्या चिडली तर परत घेणार. सातवा स्वतःला.

मी आणि नवऱ्याने एकमेकांकडे पाहिलं. ज्याच्यासाठी मी रात्री अकरापर्यंत बिटाने हात रंगवले, त्याच्या हृदयात बसच्या मावशींनंतरही मला जागा नव्हती. सासूबाईंनी नातवाला कोपराने डिवचलं. “अरे, आईबाबा राहिले.”

धाकट्याने पत्ता नीट निरखला. मग त्याचा चेहरा उजळला. “हे दोन छोटे आहेत ना, कोपऱ्यातले! एक आईला, एक बाबांना.”

मी इतकी वर्षं पत्ते खेळतेय, पण सत्तीवर मोजून नऊ बदाम असतात हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. सात मोठे मधोमध, आणि दोन चिमुकले समोरासमोरच्या कोपऱ्यांत, सातच्या आकड्याखाली दबलेले. एक सरळ, एक उलटा. बारा वर्षांच्या संसाराचं एवढं अचूक चित्र आमच्या लग्नाच्या अल्बममध्येही नाही.

त्या रात्री डाव झालाच नाही. सकाळी उठून पाहिलं तर धाकट्याने बोथट कात्रीने वाटप पूर्ण केलं होतं. मावशींचा बदाम बसमध्ये गेला, आजीचा देवघरात, मनीने आपला चघळून टाकला. आमचे दोन्ही फ्रिजवर चिकटवले आहेत. कापल्यावर ते अगदी सारखे दिसतात, त्यामुळे उलटा कुणाचा होता यावर आमचा रोज वाद होतो.

कॅटमध्ये आता एक्कावन्न पत्ते आहेत. कधी आमच्याकडे बदाम सात खेळायला आलात, तर येताना सत्ती घेऊन या.