केंडदर्शन

देवगडला किल्ला आहे, दीपगृह आहे आणि पवनचक्क्या आहेत. हे सगळं मी होडीतून पाहिलं. काही डावीकडे कलंडताना, काही उजवीकडे.

थंडीत इथलं पाणी सकाळी शहाण्यासारखं वागतं. रात्री जमीन गार होते, मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे सुटतो आणि आडोशाच्या बंदरात लाट म्हणून उठत नाही. दुपारी खारा वारा उलटा येतो. एवढा भूगोल मला पाठ होता. डिसेंबरातल्या ढगांना नव्हता.

डोंबिवलीहून मी फायबरचा रॉड, रीळ आणि चकचकीत खोटे मासे आणले होते. होडीवाल्या तात्यांनी पेटी उघडून पाहिली. "पोरांक खेळूक बरी आसत," म्हणाले आणि माझ्या गरीला कोळंबीचा तुकडा लावला. त्यांची स्वतःची सामग्री म्हणजे रिकाम्या बाटलीला गुंडाळलेली तंगूस.

झटका बसला. मी उभा राहिलो, होडी आडवी झाली, तात्या ओरडले, "बसा वो!" वर आला तो केंड. पाण्याबाहेर येताच त्याने हवा गिळून पोट फुगवलं. आम्ही समोरासमोर आलो तेव्हा दूरच्या नात्यातलं कुणी लग्नात भेटल्यासारखं वाटलं. तात्यांनीही एकदा त्याच्या पोटाकडे, एकदा माझ्या पोटाकडे पाहिलं.

केंडाचे दात वर दोन, खाली दोन, चोचीसारखे जुळलेले. त्यांनी तो शिंपले फोडतो. माझ्या महागड्या तंगुशीचं काय घेऊन बसलात! अंगात विष असं, की जपानात त्याचे काही प्रकार रांधायला परवाना लागतो. पालू, तांबोशी, मुडदुसा अशी नावं मी घरी जाहीर करून आलो होतो. त्यांच्यासाठी टाकलेली कोळंबी केंड खात होते, वर गरीही नेत होते.

"जागा बदलूया का?"

"मगे केंडय बदलतले."

तेवढ्यात आभाळ भरून आलं. तात्या एकटक वर बघू लागले.

"वादळ?" मी काठ घट्ट धरला.

"वादळ कसला? कलमांक मोहोर इलो हा."

ढगाळ हवेत हापूसच्या मोहोरावर तुडतुडे पडतात, भुरी धरते आणि फवारणीचा खर्च चढतो. मी बुडण्याच्या दृष्टीने आभाळ पाहत होतो, ते कर्जाच्या.

वारा फिरला. होडी वळवताना तात्या 2017 च्या डिसेंबरातल्या ओखी वादळाबद्दल बोलले. तेव्हा केरळच्या होड्या या किनाऱ्याच्या आसऱ्याला आल्या होत्या.

"त्यातल्या एकाचो नवीन सालाक अजून फोन येता. तो मल्याळीत बोलता, मी मालवणीत. धा मिनटां."

"काय बोलतो?"

"तब्येतीचा इचारीत आसतलो."

मी थोडा वेळ रॉडचा विषय काढला नाही.

धक्क्यावर माशांचा लिलाव चालला होता. तात्यांनी हिशेब केला: होडीचे, गेलेल्या गऱ्यांचे, कोळंबीचे.

"कोळंबी तर केंडांनी खाल्ली!" मी म्हटलं.

"पावणे तुमचे होते," तात्या म्हणाले.