कॉकेशस, कसारा आणि बोरिवली पूर्व

मुंबईकराच्या लेखी जेवणाची चव समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवर ठरते. घरी पिठलं केलं तर पहिला प्रश्न येतो, ‘आज भाजी नव्हती का?’ तेच पिठलं सिंहगडावर पुढ्यात आलं की हाच माणूस डोळे मिटून ‘वाऽऽ’ म्हणतो, वर मटका दही मागवतो आणि भाकरीचा फोटो तिन्ही ग्रुपवर टाकतो. घरच्या पिठल्याचा फोटो आजवर कुणी काढलेला नाही.

हा उंचीचा नियम आता परदेशात पोचला आहे. आमच्या मुलुंडच्या सोसायटीचे सेक्रेटरी यंदा जॉर्जियाला जाऊन आले. अमेरिकेतल्या नव्हे, रशियाच्या खालच्या, जिथे स्टालिन जन्माला आला त्या. कोजागिरीला गच्चीवर दूध आटेपर्यंत त्यांनी आम्हाला कॉकेशसच्या डोंगरातला स्वयंपाक तोंडी वाढला. खिन्काली नावाचा पदार्थ हुबेहूब मोदकासारखा, तशाच चुण्या, पण आत मांसाचं सारण आणि कढत रस्सा. शेंडी धरून उलटा करायचा, बारीक चावा घ्यायचा, आधी रस्सा ओढायचा आणि मगच खायचा. शेंडी खायची नाही, ताटात ठेवायची. कुणी किती हाणले ते शेंड्यांवरून कळतं. (आपल्याकडे ही पद्धत नाही तेच बरं. संकष्टीला बरीच घरं मोडली असती.) शाकाहाऱ्यांसाठी बटाट्याची, चीजची, अळंबीची खिन्काली मिळते, हे त्यांनी घाटकोपरच्या साडूंचा हवाला देऊन सांगितलं.

‘खायची कुठे?’ कुणीतरी विचारलं. कॉकेशस ओलांडणाऱ्या जुन्या लष्करी रस्त्यावर पसानाउरी नावाचं गाव आहे, खिन्कालीसाठी तेच नावाजलेलं. पुढे काझबेगीला घरगुती मुक्काम मिळतात. आणि खरी हौस असेल तर स्वानेतीत, मेस्तिया-उशगुलीकडे जायचं. तिथे घरची बाई मांस भरलेली कुब्दारी रोटी भाजून देते. तिथलं स्वान मीठही प्रसिद्ध. त्यात लसूण, धणे, मेथीची एक निळ्या फुलांची बहीण आणि चक्क वाळवलेला झेंडू असतो. झेंडू म्हटल्यावर गच्चीवर शांतता पसरली. दसऱ्याला दाराला बांधायचं फूल कुणी कुटून मिठात घालतं, हे पचायला मसाला दूधही अपुरं पडलं.

‘आणि रोजचं काय खातात हो?’ बायकोनं विचारलं.

‘म्चादी आणि लोबियो. मक्याच्या पिठाची जाड भाकरी आणि मातीच्या भांड्यात शिजवलेला राजमा.’

‘म्हणजे भाकरी, उसळ आणि लसणाचं तिखटमीठ.’

सेक्रेटरी दुखावले. ‘वहिनी, पण समोर काझबेक असतो! पाच हजार चोपन्न मीटर!’

इथे वाद मिटला. आपलं कळसूबाई 1646 मीटर, म्हणजे भाकरीची चव तिप्पट होणार हे गणितानंच सिद्ध झालं. अर्थात रात्रीचं जेवण टूरमध्येच धरलेलं होतं आणि तिथे रोज पनीर बटर मसाला होता, हे त्यांच्या पत्नीनं नंतर लिफ्टमध्ये सांगितलं.

ज्यांना कॉकेशस परवडत नाही त्यांच्यासाठी मध्य रेल्वेनं कसारा लोकल ठेवली आहे. मुलुंड-घाटकोपरच्या माणसाला या लोकलचा फार अभिमान. अंधेरी-बोरिवलीचे ट्रेकर दादरला गाडी बदलून येतात, चेहऱ्यावर परराष्ट्र दौऱ्याचा भाव घेऊन. कसाऱ्याहून जीपनं कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव, आणि चढायच्या आधी घरातल्या मावशी विचारतात, ‘दादा, माणसं किती? भाकऱ्या किती टाकू?’ हा प्रश्न शहरी माणूस हलक्यात घेतो. ‘प्रत्येकी दोन,’ असं डाएटच्या सुरात सांगतो, शिड्या चढून माथ्यावर देवीला नमस्कार करतो, उतरताना गुडघे आणि डाएट दोन्ही सोडतो आणि खाली येऊन पाच मागतो. मावशींना हे ठाऊक असतं. पीठ आधीच जास्त काढलेलं असतं.

नाचणीच्या पिठाला मुळात चिकटपणा नाही, म्हणून पाणी कढत लागतं आणि मळायला तळहाताचा जोर. मावशी हे सगळं आपल्याशी बोलत, चुलीत लाकूड सरकवत, नातवाला दटावत करतात आणि भाकरीला चीर पडत नाही. सोबत पिठलं, ठेचा, कांदा, भात-वरण. हरिश्चंद्रगडावर तर पाचनईची माणसं हा संसार डोक्यावरून वर नेतात. आणि हे जेवून ढेकर दिल्यावर आपला गडी विचारतो, ‘मावशी, जरा जास्त नाही लावले?’ हाच गडी मल्टिप्लेक्समध्ये मक्याच्या लाह्यांचा भाव पाहून अवाक्षर काढत नाही. तिथे मावशी नसतात ना, मशीन असतं.

गंमत म्हणजे डोंगर आपल्या घरी कधीचाच राहायला आलेला आहे. उपासाची भगर, म्हणजे वरई, डोंगरउतारावर पिकते. अकोले तालुक्यातले महादेव कोळी शेतकरी ती काढतात आणि मुलुंडमध्ये एकादशीला शेंगदाण्याच्या आमटीबरोबर ती पुण्य म्हणून खाल्ली जाते. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंनी गावरान बियाणी जपली आणि त्यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, तेव्हा नाचणीची बिस्किटं झाली, केक झाला, भाकरी मात्र होती तिथेच राहिली. त्याआधी 1995 साली युती सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर आणली होती. केंद्रं जागोजाग उभी राहिली. पुढे कित्येकांत झुणका गेला आणि वडापाव, चायनीज आलं. मला त्यात सरकारचा दोष कमी वाटतो. झुणका सपाटीवर विकायला काढला, इतकंच.

आणि आपल्या बोरिवलीला तर स्वतःचा डोंगर आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान 100 चौरस किलोमीटरच्या वर, आत कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी. तिथल्या शिलालेखांत कल्याण आणि सोपाऱ्याच्या दात्यांची नावं आहेत. म्हणजे बोरिवलीच्या डोंगरावरच्या लोकांची सोय खालच्या लोकांनी करायची, ही परंपरा दोन हजार वर्षांची. आता उलटं झालंय. वरचे खाली येतात. पाऊस पडला न पडला की बोरिवली स्टेशनबाहेर आणि मुलुंडच्या बाजारात आदिवासी बाया रानभाज्यांचे वाटे मांडून बसतात. कोणी पाड्यांवरच्या, कोणी पार पालघर-जव्हारकडच्या, पहाटेची गाडी पकडून आलेल्या. शेवळं, कोरल, टाकळा, फोडशी, भारंगी, मग कंटोळी. याहून अस्सल डोंगरी खाणं कॉकेशसमध्येही नसेल, आणि ते आपल्या पायाशी, तिकीट खिडकीपासून वीस पावलांवर!

पण उंची शून्य. त्यामुळे आपण रिक्षा शोधत असतो. परवा एका सुटाबुटातल्या गृहस्थानं शेवळाकडे बोट दाखवून विचारलं, ‘ही खायची असते?’ मावशी म्हणाली, ‘मग काय दादा, लावायची?’ तिनं शेजारच्या हिरव्या फळांचा वाटा पुढे सरकवला. ‘ही काकडं घ्या सोबत, नायतर घसा खाजेल.’ तेवढ्यात विरार फास्टची घोषणा झाली आणि गृहस्थ पळाले. झेंडूचं मीठ असतं तर थांबले असते.

शेवळं वर्षभर मिळत नाहीत. पहिल्या पावसाच्या आगेमागे काही आठवडे, मग संपली. वरची साल आणि आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बारीक चिरून तेलात चांगली परतायची, काकडाचा रस किंवा चिंच घालायचीच घालायची. सीकेपी घरांत सोडे घालून याची कणी करतात, तीही खाऊन बघा. निवडायला जमत नसेल तर विकणारीला विचारा. ती फुकट सांगते, आणि घाई नसेल तर करूनही दाखवते. भाव करू नका. जॉर्जियाचा व्हिसा काय, ऑगस्टमध्येही मिळतो.