कॉट बेसिसवर मांजर

सरकारी नोकरीच्या अर्जात आजवर मला कुणी विचारलं नव्हतं, ते मांजराच्या अर्जात विचारलं होतं. 'येत्या दहा वर्षांत आपण शहर बदलण्याची शक्यता आहे काय?' पुढे दोन चौकोन, होय आणि नाही. पुण्यात नवी पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करणाऱ्या मुलीला येत्या दहा वर्षांचं विचारायचं! आमचं भविष्य पूर्वपरीक्षेच्या तारखेपर्यंत असतं, आणि ती तारीखही पुढे ढकलली जाते. खाली 'मासिक उत्पन्न' असाही रकाना होता. तिथे मी 'बाबा' असं लिहिलं.

रस्त्यावरच्या पिल्लांना घर शोधून देणाऱ्या ताईंनी अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा अर्ज वाचला.

"एकटी राहतेस?"

"नाही, तिघी आहोत."

"आणि तिघींनाही मांजर हवंय?"

हवं होतं एकीलाच. दुसरी तटस्थ होती आणि तिसरीला अजून कळवलेलं नव्हतं. पण मुलाखतीचं तंत्र आम्ही पैसे भरून शिकलोय. पाठ ताठ, चेहरा हसरा, आणि उत्तर सुचलं नाही तर वाक्यात 'समतोल' हा शब्द घालायचा. "जबाबदारीचा समतोल साधू," मी म्हणाले. पिल्लू मिळालं. अंतिम निवड यादीत माझं नाव आलं ते आयुष्यात पहिल्यांदा.

आमच्या बार्शीला मांजर 'पाळलं' असं कुणी कधी म्हणालं नाही. ते असायचं. माळ्यावर व्यायचं, उंदीर धरायचं, आज्जीच्या ताटाशेजारी बसून दूधभाकरीचा कुस्करा खायचं आणि एक दिवस दिसेनासं व्हायचं. मग त्याच्या जागेवर दुसरं रुजू व्हायचं. त्याचं वय कुणी विचारलं नाही, वजन कुणी केलं नाही. मांजराची काळजी करावी लागते हे मला पुण्यात येऊन कळलं. दुपारी एक ते चार दाराची बेल वाजवू नये, हेही तसं पुण्यात येऊनच कळलं होतं.

पहिल्या रात्री पिल्लू कॉटखालच्या ट्रंकेमागे गेलं ते बाहेर येईना. मी फोन घेऊन शोधायला बसले. अनुभवाने सांगते, रात्री दोन वाजता मांजराबद्दल काहीही शोधू नये. 'मांजर लपून का बसते' इथून सुरुवात केली होती, अडीच वाजता टोक्सोप्लाझ्मावर पोहोचले. हा परजीवी १९०८ साली सापडला, मांजराच्या विष्ठेतून पसरू शकतो, आणि त्याची लागण झालेल्या उंदरांना मांजराच्या वासाची भीती वाटेनाशी होते. मी दचकले. गेले काही महिने मला पूर्वपरीक्षेची भीती वाटेनाशी झाली होती. ती तयारी पूर्ण झाल्यामुळे नव्हती, हे मला माहीत होतं. आता कारण सापडलं असं वाटलं. पिल्लू येऊन जेमतेम आठ तास झाले होते, ही गोष्ट मात्र त्या वेळी लक्षात आली नाही.

दुसऱ्या दिवशी व्हेटनी माझी भीती दोन वाक्यांत काढली. घरात राहणाऱ्या, कोरडं खाणं खाणाऱ्या मांजरापासून धोका फार कमी; शिवाय तो परजीवी विष्ठेतून बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात, तेव्हा मातीचा ट्रे रोज साफ करा आणि हात धुवा. मग त्यांनी नवीन भीत्या दिल्या. दूध द्यायचं नाही. "मांजराला दूध नाही?" मी ओरडलेच. बहुतेक मोठ्या मांजरांच्या पोटात दुधातली साखर पचवणारं विकर पुरेसं उरत नाही, पोट बिघडतं, असं ते म्हणाले. म्हणजे मांजर डोळे मिटून दूध पितं, शिंकं तुटलं नि बोक्याचं फावलं, हे सगळं आम्ही लहानपणापासून ज्यांच्याबद्दल ऐकत आलो, त्या मांजरांना नंतर जुलाब होत होते आणि त्याची म्हण कुणी केली नाही.

दूध गेलं. कांदा-लसूण गेला, कारण त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. आमच्या मेसमध्ये कांदा-लसणाशिवाय फक्त पाणी मिळतं. सांगलीच्या रूममेटने (आम्ही एकमेकींना जिल्ह्यानेच हाक मारतो, ही सांगली, दुसरी परभणी, मी बार्शी, तालुका असूनही) विचारलं, "आणि ताप आला तर पॅरासिटामॉलचा चतकोर तुकडा?" व्हेटनी पेन खाली ठेवलं. मांजराच्या शरीराला ते औषध निकामी करता येत नाही, एवढ्याशा गोळीनेही जीव जाऊ शकतो. पॅरासिटामॉल आणि कांदापोहे या दोन गोष्टींवर आम्ही तिघी तीन वर्षं जगलो होतो. या प्राण्याला दोन्ही वर्ज्य. मला पहिल्यांदा गंभीरपणे वाटलं की हिचं आमच्याकडे निभणार नाही.

परभणी माळकरी. तिने गळ्यातली तुळशीची माळ सावरत हळूच विचारलं, "डॉक्टर, शाकाहारी नाही का करता येणार?" येत नाही. टॉरिन म्हणून एक द्रव्य मांजराला लागतं, ते त्याचं शरीर पुरेसं तयार करत नाही, मांसातूनच मिळतं. नाही मिळालं तर डोळे जातात, हृदय कमजोर होतं. परभणी गप्प झाली. येताना रिक्षात म्हणाली, "पांडुरंगानेच केलंय ना तिला तसं. मग तो बघून घेईल."

पांडुरंग बघून घेईल, घरमालकीणकाकूंचं काय? जिन्यात त्यांच्या हस्ताक्षरातली पाटी आहे. साडेनऊनंतर गेट बंद. मांसाहार नाही. मित्र नाहीत. कुत्री पाळू नयेत. मी या शेवटच्या कलमाचा कीस पाडायचं ठरवलं, कारण त्यात मांजराचा उल्लेख नव्हता. कवी बायरन केंब्रिजला शिकत असताना कॉलेजात कुत्रा ठेवायला बंदी होती, अस्वलाबद्दल नियमात काही नव्हतं, म्हणून या गृहस्थाने १८०७ मध्ये अस्वल पाळलं होतं. माझी मागणी त्यामानाने माफक होती. पण बायरनला घरमालकीणकाकू नव्हत्या.

"पाटीवर कुत्री लिहिलंय हे मला माहितीय. मीच लिहिलंय," काकू म्हणाल्या.

मग मी राज्यघटना काढली. कलम ५१अ, उपकलम ग. बेचाळिसावी घटनादुरुस्ती, १९७६. प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचं मूलभूत कर्तव्य. एका दमात म्हटलं. काकू निवृत्त शिक्षिका, विषय इतिहास-नागरिकशास्त्र, हे मला माहीत होतं. किंबहुना म्हणूनच तो हुकमी पत्ता काढला होता.

"मूलभूत हक्कांसाठी कोर्टात जाता येतं. कर्तव्यांसाठी?"

"नाही जाता येत."

"मग खाली जा."

मी दोन पायऱ्या उतरले तेवढ्यात मागून आवाज आला, "आणि त्याला खायला काय देणार? या घरात मांस शिजणार नाही."

"कोरडे दाणे मिळतात काकू. शंकरपाळ्यांएवढे."

"त्यात काय असतं?"

"टॉरिन."

"मग हरकत नाही," काकू म्हणाल्या. इतकी वर्षं विज्ञानाच्या पुस्तकाला पैसे घातले त्याचं त्या दिवशी चीज झालं. फक्त एक अट पडली. काकूंच्या गॅलरीत जायचं नाही, तिथे त्यांच्या कुंड्या आहेत. ही अट मांजराच्याच हिताची होती, कारण कुंड्यांत मनीप्लांट होता आणि तो चघळला की मांजराच्या तोंडाची आग होते. नर्सरीतली खरी लिली तर त्याहून वाईट. तिच्या नुसत्या परागांनी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. हे काकूंना सांगितल्यावर त्यांनी गॅलरीचं दार लावून घेतलं आणि मला विचारलं, "तुम्ही मुली अभ्यास कधी करता?"

नाव ठेवण्यावरून तंटा झाला. पिल्लू काळं-पांढरं-नारिंगी. तीनरंगी म्हणजे जवळजवळ खात्रीने मादी, कारण काळा आणि नारिंगी दोन्ही दिसायला दोन एक्स गुणसूत्रं लागतात. हा प्रश्न आनुवंशिकतेच्या धड्यावर येऊ शकतो, म्हणून मी दोघींकडून पाठ करून घेतला. तेवढ्या वेळात पिल्लू माझ्या नोट्सवर जाऊन बसलं. उठवलं, उठेना. शेवटी समोर दोन दाणे ठेवले तेव्हा उठलं. सांगली म्हणाली, "कागदावर बसते आणि पुढ्यात काही ठेवल्याशिवाय हलत नाही. तलाठी आहे ही." परभणीचे सख्खे मामा तलाठी होते, सज्जन माणूस. ती आठवडाभर सांगलीशी बोलली नाही. पण तोवर नाव चिकटलं होतं. सरकारने २०२४ मध्ये तलाठ्याचं ग्राम महसूल अधिकारी केलं. आमच्या खोलीत तो निर्णय लागू झालेला नाही. काकू तिला मनी म्हणतात. महाराष्ट्रातल्या कुठल्याही मांजराला शेवटी मनीच म्हणतात.

२०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, त्यामुळे वस्तुनिष्ठ प्रश्नसंचांचा आमच्याकडचा कंबरभर ढीग एका फटक्यात निकामी झाला होता. तो आता पानापानाने तलाठीच्या ट्रेखाली जातो. अलका चौकात या बदलावरून उमेदवारांची केवढी आंदोलनं झाली होती ते आठवलं की वाटतं, यात फायदा झालेली उमेदवार ही एकटीच.

पण खरी धास्ती मला वाटली ती एका बेरजेने. घरातलं मांजर नीट सांभाळलं तर बारा-पंधरा वर्षं जगतं. मी चोवीसची. चोवीस नि पंधरा एकोणचाळीस. खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८. म्हणजे हे मांजर माझ्या सगळ्या संधी संपल्यावर आणखी एक वर्ष जगणार होतं. माझा प्रत्येक निकाल ते डोळ्यांनी बघणार होतं. आमच्याकडे सगळं 'पोस्ट निघाली की' वर ठेवलेलं असतं. दातांचा डॉक्टर पोस्ट निघाली की, नवा चष्मा पोस्ट निघाली की, मैत्रिणीच्या लग्नातला आहेरही. तलाठीची लस मात्र त्या महिन्यातच द्यायची होती, नंतर बूस्टर, मग रेबीज, आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात ऑपरेशन. चार महिन्यांचं मांजर गाभण राहू शकतं आणि दोन महिन्यांत वितं. पोस्टची वाट बघायला ते तयार नसतं.

ऑपरेशनच्याच आठवड्यात आईचा फोन आला. माढ्याचं स्थळ आहे, मुलगा जिल्हा परिषदेत आहे. मागून तलाठी ओरडली.

"काय गं, मांजर कुठनं आलं?"

"अभ्यासिकेत आहे, आई."

"मग ते तरी पास हुईल," आई म्हणाली. मांजराबद्दल आठ महिने लपवून ठेवायचा बेत होता. आईने पुढच्या फोनला स्थळाचं विचारण्याआधी विचारलं, उंदीर धरते का. तिच्या लेखी ती एकच पात्रता परीक्षा आहे. तलाठी उंदीर धरत नाही. तिने एकदा पाल पाहिली होती आणि ती माझ्यामागे येऊन बसली होती.

तिला माझ्याबद्दल काही वाटतं का, ही शंका उरलीच. जपानमधल्या संशोधकांनी दाखवून दिलंय की मांजराला आपलं नाव आणि मालकाचा आवाज ओळखता येतो. फक्त ओ देणं ते आवश्यक मानत नाही. हे माझ्या अनुभवाशी जुळतं. इंग्लंडमधल्या एका अभ्यासात (२०२०) आढळलं की मांजराकडे बघत सावकाश डोळे मिटले-उघडले तर तेही तसंच करतं, ती त्यांची मायेची खूण. मी करून पाहिलं. तलाठीने सावकाश डोळे मिटले. मी भारावून वाट बघत राहिले, ती झोपली होती.

परभणीची अडचण निराळी. मांजर आडवं गेलं की ती सात पावलं मागे येते आणि मग निघते. आमची खोली दहा बाय बारा, सात पावलं मागे आलं की भिंत लागते, आणि तलाठीचा कॉट ते दार हा हमरस्ता. अभ्यासिकेतली पंख्याखालची जागा परभणीच्या हातून गेली ती यात. अखेर प्रकरण काकूंकडे गेलं. काकूंनी निकाल दिला, "घरचं मांजर आडवं जात नाही. ते फिरत असतं." परभणीला हे पटलं. खरं तर मलाही पटलं.

परवा सांगलीची लिपिक म्हणून निवड झाली, ती मुंबईला गेली. जाताना तिने आम्हा दोघींना हात केला आणि मांजराला मिठी मारली. तिची कॉट रिकामी झाली, काकूंनी जिन्यातल्या पाटीखाली नवं कलम घातलं : 'मांजर आहे. चालत नसल्यास वर येऊ नये.' काल चंद्रपूरची एक मुलगी जागा बघायला आली. दारात उभी राहिली तोच तलाठी तिच्यासमोरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली. मुलगी हलली नाही. परभणीने माझ्याकडे पाहून मान डोलावली, हिंमतवान दिसते. डिपॉझिटचं बोलणं झालं, गेटची वेळ सांगून झाली, आणि मुलगी जोरात शिंकली. लागोपाठ दुसऱ्यांदा.

"शुभ बोलताना शिंक झाली, पाच मिनिटं बसा," परभणी म्हणाली.

काकूंनी चष्मा वर केला. "मांजराची ॲलर्जी आहे का गं?"

"नाही काकू. पुण्याची हवा बाधते."

"हवा मला बदलता येणार नाही," काकू म्हणाल्या, आणि कॅलेंडरचं एक पान फाडून त्याच्यामागे मागच्या गल्लीतला एक पत्ता लिहून दिला.