कोरडा जिल्हा आणि मिठाची सुई

शहाण्या माणसाला गाणं ऐकायचं असतं. त्याला मोबाईल पुरतो. रसिकाला गाण्याआधी रेकॉर्ड प्लेअरच्या सुईचं कार्ट्रिज ऐकायचं असतं, तेही दोन पिढ्यांपूर्वी बनायचं बंद झालेलं. अशा रसिकांनी पुणं-मुंबई सोडून धाराशिव जिल्ह्यात बिऱ्हाड करावं.

कारण शास्त्रीय आहे. जुन्या क्रिस्टल कार्ट्रिजच्या पोटात रोशेल सॉल्ट या मिठाचा स्फटिक असतो. द्राक्षाच्या दारूच्या पिंपात आतून जे पूट चढतं, त्यापासून हे मीठ करतात. खाचेतून जाताना सुई थरथरली की स्फटिक पिळला जातो आणि वीज निघते. गॅसच्या लायटरचंही तत्त्व हेच. वीज म्हणाल तर व्होल्टच्या घरात. डेननच्या नावाजलेल्या डीएल-१०३ कार्ट्रिजला ०.३ मिलिव्होल्टवर भागवावं लागतं. एवढ्या दिलदार वस्तूला लोक स्वस्तातली म्हणतात! चार-पाच ग्रॅम भार टाकून ती तबकडी झिजवते, हा आरोप मात्र खरा. पण देवळाच्या पायऱ्याही झिजतात. तुळजापुरात त्याची तक्रार कुणी करत नाही.

मुंबईच्या दमट हवेत हे मीठ पाणी धरून विरघळतं. आपल्याकडे ती भीती कमी. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाणी नेणारी रेल्वेसुद्धा या जिल्ह्यातून पुढे निघून गेली. फार कोरड्या हवेत स्फटिकातलं पाणी उडून त्याची भुकटी होते आणि ५५ अंशांपुढे तो कामातूनच जातो, हे खरं. म्हणजे पावसाळ्यात विरघळायचं, वैशाखात पत्र्याखाली भुकटी व्हायचं. मधले महिने गाण्याचे. सोयाबीनला तरी याहून खात्रीचे महिने कुठे मिळतात?

ज्यांना याहून वरचा वेडेपणा झेपतो, त्यांच्यासाठी इंग्लंडच्या डेक्काचं कार्ट्रिज आहे. इतरांच्या सुईमागे दांडी असते, डेक्काच्या नसते. मधला अडत्या काढा, ही शेतकऱ्याची जुनी मागणी डेक्काने १९५८च्या सुमारासच मान्य करून टाकली. त्यामुळे गाणं थेट अंगावर येतं. धूळ आणि खरखरही थेटच येतात.

आता मागणी एकच: कार्ट्रिजला पीकविमा लागू करा. पंचनामा सोपा आहे. सुई ठेवायची, डावी-उजवी दोन्ही बाजू मुक्या असतील तर नुकसान शंभर टक्के. एकच बाजू गेली, तर आणेवारी बरोबर पन्नास पैसे भरते आणि दुष्काळ हुकतो. अशा वेळी तलाठ्याने उरलेल्या बाजूची खरखरही हिशेबात धरावी.