टॅब्लेट कोणाला मानवतो?

नागपुरात कोणत्याही यंत्राची खरी परीक्षा मे महिन्यात होते. दुकानदार काय सांगतो आणि जाहिरात काय दाखवते, याला इथे फारशी किंमत नाही. 23 मे 2013 रोजी आमच्याकडे पारा 47.9 अंशांवर गेला होता. 2024 च्या मेअखेरीस तर रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्राने थेट 56 अंश दाखवले. सेन्सर बिघडला होता, असा खुलासा हवामान खात्याने नंतर केला. आमच्या गल्लीने तो अर्धाच मान्य केला. 56 खोटं असेल, पण सेन्सर काय उगाच बिघडला? जिथे तापमान मोजणारं यंत्रच भोवळ येऊन पडतं, त्या गावात ऐन मे महिन्यात माझा भाचा हातात टॅब्लेट घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, तुमचा तो लॅपटॉप आता विकून टाका."

भाचा मिहानमधल्या एका आयटी कंपनीत असतो. पूर्वी तो तिथे काम करायचा. दोन वर्षांपूर्वी बढती झाली, तेव्हापासून तो मीटिंगा करतो. इतरांनी केलेलं काम पडद्यावर बोटाने वर-खाली सरकवायचं, मध्येच थांबून भुवया उंचावायच्या आणि शेवटी "छान आहे, पुढे पाठवा" म्हणायचं. हे सगळं टॅब्लेटवर उत्तम होतं, अगदी सोफ्यावर पडून होतं. त्यामुळे जगातलं यच्चयावत काम टॅब्लेटवर होतं, असं त्याचं मत झालेलं आहे.

आमच्या घरात दोन धंदे चालतात. मी कागदपत्रांची भाषांतरं करतो, आणि बायको सीए आहे. भाच्याने आव्हान दिलं, "रविवारी येतो. तुमचं दोघांचं काम याच्यावरच करून दाखवतो."

"रविवारी कशाला?" मामी म्हणाली. "वीस तारखेला ये. त्या दिवशी जीएसटीचं रिटर्न असतं."

ठरल्याप्रमाणे भाचा आला. टॅब्लेट हातात होता, पण पाठीवर बॅगही होती. बॅगेतून त्याने आधी कीबोर्ड काढला, मग पेन्सिल, मग स्टँड, मग छोटा माऊस, मग चार भोकांचं एक हब आणि शेवटी या सगळ्यांना पुरेल असा चार्जर. डायनिंग टेबलावर मांडामांड झाली तेव्हा सत्यनारायणाची पूजा आहे की काय, असं वाटून शेजारच्या काकू प्रसादाची वेळ विचारून गेल्या. मी म्हटलं, "अरे, हे सगळं जोडलं की लॅपटॉपच होतो ना?" तो म्हणाला, "नाही मामा, हे सुटं होतं." वजनाचा हिशेब मात्र या सुटेपणाच्या विरुद्ध जातो. 2022 चा 12.9 इंची आयपॅड प्रो 682 ग्रॅमचा. त्याला लावायचा मॅजिक कीबोर्ड एकटाच 700 ग्रॅमच्या वर. त्याच कंपनीचा त्याच वर्षीचा मॅकबुक एअर हा आख्खा लॅपटॉप 1.24 किलोचा. म्हणजे लॅपटॉपचं ओझं नको म्हणून टॅब्लेट घ्यायचा आणि लॅपटॉपपेक्षा जास्त ओझं वाहायचं.

पहिला नंबर माझा लागला. एका खरेदीखताचं इंग्रजीतून मराठी करायचं होतं. माझी कामाची रीत साधी आहे. डावीकडे मूळ दस्त, उजवीकडे भाषांतर, खाली शब्दकोश आणि कोपऱ्यात मागच्या वर्षीचं असंच एक खरेदीखत. कारण कायद्याच्या भाषेत प्रतिभेपेक्षा मागच्या वर्षीचा कागद जास्त उपयोगी पडतो. टॅब्लेटवर दोन खिडक्या शेजारी-शेजारी बसल्या. तिसरी उघडली की पहिली कुठे तरी निघून जाई. त्यात जोडलेल्या कीबोर्डावर मराठी इनस्क्रिप्टची एक-दोन चिन्हं काही केल्या सापडेनात, म्हणून पडद्यावरचा कीबोर्ड वर आणला. त्याने निम्मा पडदा खाल्ला. राहिलेल्या निम्म्यात 'लिहून देणार' दिसे, 'लिहून घेणार' दिसेनासा होई.

"मामा, टाइप कशाला करता? बोला ना!" भाचा म्हणाला. मराठीत बोलून टाइप करायची सोय 2017 पासून आली आहे आणि ती चांगली चालते, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. अडचण तिची नव्हती, आमच्या घराची होती. मी चतुःसीमा सांगायला सुरुवात केली. शेजारी कूलर विमानासारखा घोंघावत होता, म्हणून मी आवाज चढवला. माझा आवाज चढला म्हणून आतून बायकोनेही चढवला. कागदावर उतरलं ते असं: "सदर मालमत्तेच्या पूर्वेस सार्वजनिक रस्ता, पश्चिमेस टाकी भरली मोटर बंद करा, दक्षिणेस कूलरमध्ये पाणी घाला." हा दस्त दुय्यम निबंधकासमोर गेला असता तर टाकी नेमकी कोणाच्या मालकीची, यावर पुढच्या दोन पिढ्या भांडल्या असत्या.

मग मामीचा नंबर. टॅली विंडोजवर चालते. भाच्याने टॅब्लेटवरून ऑफिसच्या कॉम्प्युटरला दूरून जोडून ती दाखवली. मामीने एवढंच विचारलं, "म्हणजे कॉम्प्युटर तिकडे चालूच ठेवायचा ना?" यावर तो थोडा वेळ पेन्सिलीशी खेळला.

खरी गंमत सहीच्या वेळी झाली. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 सालचा. तेव्हापासून आपल्याकडे डिजिटल सहीला कायद्याने मान आहे. ही सही पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या एका डोंगलमध्ये राहते. डोंगल कॉम्प्युटरला खोचायचं, त्याचा ड्रायव्हर असावा लागतो, वर सहीचं छोटं सॉफ्टवेअर चालू असावं लागतं, मग पिन टाकायचा, आणि मग मुहूर्त चांगला असला तर सही होते. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं रिटर्न असेल तर हे डोंगल लागतंच. वाडीचे एक ट्रान्सपोर्टवाले क्लायंट आपलं डोंगल स्कूटरच्या किल्लीला अडकवून घेऊन आले होते. भाच्याने ते हबमध्ये खोचलं. डोंगलचा लाल दिवा लागला. सगळ्यांनी टॅब्लेटकडे पाहिलं. टॅब्लेटने कोणाकडेच पाहिलं नाही. त्याच्या लेखी हबात काही आलेलंच नव्हतं. या डोंगलचा ड्रायव्हर टॅब्लेटसाठी कोणी बनवलेलाच नव्हता. भाच्याने ते काढलं, फुंकलं, पुन्हा लावलं. ट्रान्सपोर्टवाले पंधरा मिनिटं शांत बसले, मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "म्याडम, तो आपला जुना लॅपटॉप काढा ना. कायले लेकराले तंग करून राहिले?"

जुन्या लॅपटॉपवर सही झाली. तोवर दुपारचे तीन वाजले होते. भाचा टॅब्लेट घेऊन गॅलरीत फोनवर बोलायला गेला, आणि पाचेक मिनिटांत पडदा आधी मंद आणि मग काळा झाला. मध्यभागी फक्त एक सूचना उरली: यंत्र तापलं आहे, थंड होऊ द्या. टॅब्लेट कोणत्या कंपनीचा, हे मी सांगणार नाही. दोष कंपनीचा नाही, महिन्याचा आहे. अशा बहुतेक यंत्रांच्या माहितीपत्रकात वापरायचं कमाल तापमान 35 अंश लिहिलेलं असतं. आमच्याकडे मे महिन्यात 35 अंश म्हणजे हवा सुटली म्हणून लोक फुटाळा तलावावर फिरायला जातात.

आता थोडं टॅब्लेटच्या बाजूनेही बोललं पाहिजे. 27 जानेवारी 2010 रोजी स्टीव्ह जॉब्जने पहिला आयपॅड जगाला दाखवला, तो मुद्दाम मंचावर आरामखुर्ची मांडून, तीत रेलून दाखवला. टेबल-खुर्ची लावली नव्हती. माणूस प्रामाणिक होता. वस्तू कुठे बसून वापरायची, ते त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं. गोंधळ पुढच्यांनी केला. 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपला सरफेस 'लॅपटॉपची जागा घेणारा टॅब्लेट' म्हणून विकायला काढला. 2015 मध्ये आयपॅडला कव्हरवजा कीबोर्ड आणि पेन्सिल मिळाली, 2020 मध्ये ट्रॅकपॅड, आणि 2025 मध्ये हव्या तशा लहान-मोठ्या करता येणाऱ्या खिडक्या आणि वरची मेनूपट्टी. लॅपटॉपची जागा घ्यायला निघालेला टॅब्लेट दर पाच वर्षांनी थोडा थोडा लॅपटॉप होत चालला आहे. आणि एवढ्या प्रगतीत आयपॅडला स्वतःचा कॅल्क्युलेटर कधी मिळाला? सप्टेंबर 2024 मध्ये. रामाचा वनवासही चौदाच वर्षांचा होता. हे ऐकून मामी जी हसली, ती संध्याकाळपर्यंत अधूनमधून हसतच होती.

तरी टॅब्लेट जिथे शोभतो तिथे खरंच शोभतो. अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांना पूर्वी नकाशे आणि नियमपुस्तकांची सुमारे सोळा किलोची बॅग कॉकपिटमध्ये न्यावी लागे. 2013 मध्ये तिच्या जागी आयपॅड आला. वैमानिकाला ते नकाशे काढायचे नसतात, पाहायचे असतात. आमच्या नागपुरात मुख्यालय असलेली महाज्योती संस्था जेईई आणि नीटची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना टॅब्लेट आणि रोजचा सहा जीबी डेटा देते. गडचिरोलीच्या एखाद्या गावातल्या मुलीला शिकवणीचे तास घरी बसून ऐकता येतात, यापेक्षा टॅब्लेटने आणखी काय करायचं?

आणि टॅब्लेट सगळ्यात जास्त शोभतो तो सरकारात. 1 फेब्रुवारी 2021 रोजी निर्मला सीतारामन लाल कापडात गुंडाळलेला टॅब्लेट घेऊन संसदेत गेल्या. 9 मार्च 2023 रोजी आमच्या नागपूरच्याच देवेंद्र फडणवीसांनी अर्थमंत्री म्हणून राज्याचा अर्थसंकल्प आयपॅडवरून वाचला. 2025 च्या सुरुवातीला राज्य मंत्रिमंडळाच्या बैठकाही टॅब्लेटवर न्यायचं ठरलं. उत्तम झालं, कागद वाचला. पण अर्थसंकल्पातले ते आकडे टॅब्लेटवर बोट फिरवून तयार झालेले नसतात. मंत्रालयातल्या कोणत्या तरी मजल्यावर कोणी तरी कक्ष अधिकारी कॉम्प्युटरपुढे मान मोडून बसलेला असतो, तेव्हा ते आकडे होतात. 1953 च्या नागपूर करारापायी साधारणपणे दर हिवाळ्यात विधिमंडळाचं अधिवेशन आमच्या गावात येतं. मंत्री विमानाने येतात. त्यांच्या खात्यांचे गठ्ठे, कॉम्प्युटर आणि प्रिंटर ट्रकमधून येतात. तेव्हा सिव्हिल लाइन्समध्ये विधानभवनाजवळ थोडा वेळ उभं राहिलं तर कोण कशावर काम करतो, ते न विचारता कळतं.

म्हणून माझं मत पक्कं झालं आहे. टॅब्लेट लॅपटॉपची जागा घेऊ शकतो का, हा प्रश्न तंत्रज्ञानाचा नाहीच, पदाचा आहे. ज्याचं काम पाहणं, ऐकणं, मान डोलावणं आणि "पुढे पाठवा" म्हणणं आहे, त्याला टॅब्लेट पुरतो आणि उरतो. ज्याचं काम ते 'पुढचं' तयार करणं आहे, त्याला कीबोर्ड लागतो, चार खिडक्या लागतात आणि डोंगलला भोक लागतं. भाचा चुकीचं बोलत नव्हता. त्याचं काम खरोखर टॅब्लेटवर होतं. फक्त ते काम आधी त्याच्या टीममधल्या सहा पोरांनी लॅपटॉपवर केलेलं असतं.

तेव्हा बर्डीच्या बाजारात खरेदीला निघण्याआधी कंपनीची माहितीपत्रकं चाळू नका. आपल्या दिवसाकडे पाहा. दिवसभरात लिहिण्यापेक्षा वाचणं जास्त असेल आणि तुम्ही हो-नाही म्हणेपर्यंत चार माणसं खोळंबून राहत असतील, तर बिनधास्त टॅब्लेट घ्या. ती खोळंबणारी माणसं तुम्हीच असाल, तर निमूटपणे लॅपटॉप घ्या आणि उरलेल्या पैशांत पाठीला टेकू देणारी एक चांगली खुर्ची घ्या. बढती होईपर्यंत तिची गरज पडेल.