पेटवा म्हणजे गार होईल

फ्रिजच्या पाठीमागे ज्योत पेटवली की आतले दूध गार होते, असे विधान पारोळ्यात मे महिन्याच्या भर दुपारी कोणी केले, तर ऐकणारे त्याला प्रथम सावलीत बसवतील, कांदा हुंगायला देतील आणि ऊन कधी लागले याची चौकशी करतील. परंतु विधान अक्षरशः खरे आहे, आणि ते खरे करून दाखवणारे यंत्र १९२२ साली बाल्टझार फॉन प्लाटेन व कार्ल मुंटर्स या स्टॉकहोमच्या दोन अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी शोधून काढले. हिवाळ्यात खिडकीबाहेर ठेवलेले दूधही जिथे गोठते, त्या देशातील तरुणांना फ्रिजचा ध्यास का लागावा, याचा उलगडा विज्ञानाच्या इतिहासकारांनी केलेला नाही.

थंडी नावाचा पदार्थ कोठेही तयार होत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर टाकणे एवढेच काम फ्रिज करतो, आणि पाण्याचा माठही तेच करतो. माठातून झिरपलेले पाणी वाफ होऊन उडते, उडण्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्याकडून घेते, आणि खानदेशची हवा जितकी कोरडी तितका हा व्यवहार जोमाने चालतो. गॅसवरच्या फ्रिजमध्ये उडण्याचे काम अमोनिया करतो, जो साध्या हवेच्या दाबाला उणे ३३ अंश सेल्सिअसलाच उकळतो. मात्र माठ उडालेल्या पाण्याचा हिशेब ठेवत नाही, तर फ्रिजला अमोनियाचा कण न् कण परत मिळवावा लागतो, कारण तो मोकळा सुटला तर त्याच्या वासाने घरात दूध राहील, माणसे राहणार नाहीत. मागच्या नळ्यांचे सारे जंजाळ या वसुलीसाठी आहे, आणि जळगाव जिल्ह्यातील कित्येक पतसंस्थांना जी जमली नाही ती वसुली हे यंत्र एका ज्योतीच्या बळावर करते.

विजेच्या फ्रिजमध्ये हे काम कॉम्प्रेसर, म्हणजे वायू दाबणारा पंप, करतो आणि लाईट गेली की तोही थांबतो. इथे त्याऐवजी पाण्याला असलेली अमोनियाची ओढ कामी येते. तळाशी असलेल्या जनित्रात अमोनिया विरघळलेले पाणी तापवले की अमोनिया वायुरूपाने सुटतो, आणि त्याचे बुडबुडे पाण्यालाही अरुंद नळीतून वर ढकलत नेतात, त्यामुळे पंपाची गरजच उरत नाही. सुटलेला वायू संघनकात, म्हणजे मागच्या उघड्या नळ्यांत, उष्णता बाहेर टाकून द्रव होतो आणि कपाटाच्या आतील बाष्पकात उतरतो, जिथे हायड्रोजन आधीपासून मुक्काम ठोकून असतो. नळ्यांतील एकूण दाब सगळीकडे जवळजवळ सारखाच, वातावरणाच्या वीसेक पट असतो. पण बाष्पकात त्यातला मोठा वाटा हायड्रोजनने उचललेला असल्यामुळे अमोनियावर फारसा भार पडत नाही, आणि भार नसल्याने तो दुधाची उष्णता घेऊन खुशाल उडून जातो. पुढे शोषक नावाच्या भागात जनित्रातून परतलेले पाणी त्याला पुन्हा गिळते, पाण्यात न विरघळणारा हलका हायड्रोजन माघारी फिरतो, आणि पाणी पुन्हा ज्योतीकडे जाते. एकही भाग न हलता काम पूर्ण होते, ही गोष्ट कचेऱ्यांच्या अनुभवावर पोसलेल्या वाचकाला पटायला अंमळ वेळ लागेल.

काहीच हलत नसल्याने आवाजही होत नाही, आणि या अबोलपणामुळेच हॉटेलांच्या खोल्यांतील छोट्या फ्रिजमध्ये हे तंत्र टिकले, आणि जगात जिथे वीज पोहोचली नव्हती तिथल्या दवाखान्यांत रॉकेलवर चालणाऱ्या त्याच्या भावंडांनी लसी २ ते ८ अंशांत सांभाळल्या. पुण्याची थरमॅक्स कंपनी कारखान्यांतील वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालणारी शोषण-यंत्रे बनवते. त्यांत मात्र पाणी उडते आणि लिथियम ब्रोमाइड नावाचा क्षार ते शोषतो.

भारनियमनाने गांजलेल्या पारोळेकराला एवढे वाचून सिलिंडरकडे पाहण्याचा मोह होईल, म्हणून यंत्राचे मानपान सांगणे आवश्यक आहे. सारा कारभार गुरुत्वाकर्षणावर चालत असल्याने ते तंतोतंत समपातळीत ठेवावे लागते. धुरासाठी वाट ठेवावी लागते. थंड व्हायला ते कित्येक तास घेते. आणि दिवसाला पाव ते अर्धा किलो गॅस खाते, म्हणजे १४.२ किलोच्या टाकीचा महिना-दोन महिन्यांत निकाल लागतो. ते बिघडल्यास काही काळ उलटे करून ठेवावे, असाही एक उपाय जाणकार सांगतात, जो विद्यार्थ्यांवरही पूर्वी होत असे. पण खरी अडचण वेगळीच आहे: बाहेरची हवाच ४४ अंशांवर गेली की मागच्या नळ्यांना उष्णता टाकायला जागा उरत नाही, त्यामुळे ज्या दिवसांत पारोळ्याला फ्रिजची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच दिवसांत हे स्वीडिश यंत्र धापा टाकू लागते. पिण्याच्या पाण्यापुरता तरी इथे माठच सरस ठरतो, आणि आखाजीचा आमरस वाचकांनी उरू देऊ नये.