तारा, उमा, विल्मा

कोडोलीत वस्तू जुनी झाली म्हणून कुणी टाकून देत नाही. बंद पडली तर दुरुस्त होते, दुरुस्तीपलीकडं गेली तर भावकीत जाते आणि भावकीनंही नाकारली तर गोठ्यात तिला काहीतरी काम मिळतं. बंद फ्रिजमध्ये म्हशीची पेंड ठेवणारं घर माझ्या माहितीत आहे. दार घट्ट बसतं, उंदीर लागत नाही. फ्रिज करणाऱ्यांना हा उपयोग अजून सुचलेला नाही.

म्हणून गावातला एक फ्लेक्सवाला ‘जुना कम्प्युटर काढायचा हाय’ म्हणाला, तेव्हा जुना म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. ‘चालू हाय न्हवं?’ एवढंच विचारलं. ‘पळतोय की!’ तो म्हणाला. दर ठरला, चहा झाला आणि त्याच संध्याकाळी तो संगणक मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसून आमच्या दारात उतरला. आईनं त्याला उंबऱ्यातच थांबवून भाकरतुकडा ओवाळून टाकला.

तिसऱ्या पिढीचा कोअर आय-थ्री, म्हणजे २०१२ च्या आसपासची पैदास. चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क, आत विंडोज सेव्हन. बटण दाबलं की पडद्यावर जोतिबा यायचा, पण सावकाश. तेवढ्यात माझे दात घासून व्हायचे. वारणानगरला इंजिनिअरिंग करणाऱ्या पुतण्यानं डबा उघडला आणि आम्ही दोघंही गप्प झालो. आतला पंखा गुलाबी होता. रॅमच्या पट्ट्या गुलाबी, तळाला तर गुलालाचा थर. फ्लेक्सवाल्याचं दुकान ऐन रस्त्यावर. चैत्रातली जोतिबाची यात्रा, गणपती, ग्रामपंचायतीपासून विकास सोसायटीपर्यंतच्या निवडणुका, सगळ्यांचा गुलाल त्याच्या दारावरून गेलेला. गावात कोण कधी निवडून आलं, हे सगळं त्या पंख्यानं ओढून घेतलं होतं.

‘काका, ब्लोअर मारायला पाहिजे.’

‘देवाचा गुलाल हाय, उडवू नगासा,’ आई म्हणाली.

‘आजी, ह्यातला निम्मा सोसायटीचा हाय.’

‘मग निम्माच उडवा.’

निम्मा उडाल्यावर पुतण्यानं मूळ विषय काढला. ऑपरेटिंग सिस्टिम बदलायला हवी. मी म्हटलं, चालू आहे की. तो म्हणाला, चालू आहे, पण सपोर्ट संपलाय. चालू असलेल्या गोष्टीलाही निवृत्तीची तारीख असते, आणि ती वर्षानुवर्षं आधी जाहीर होते, हे आमच्या घराला नवीन होतं. आमच्याकडं निवृत्त होतात ती फक्त सरकारी नोकरीतली माणसं, आणि तीही दुसऱ्या दिवशी पतसंस्थेत दिसतात.

मी त्या तारखा वहीत उतरवून घेतल्या आणि कॅलेंडराशी ताडून पाहिल्या. विंडोज एक्सपीचा सपोर्ट संपला ८ एप्रिल २०१४ ला. त्या दिवशी रामनवमी. सेव्हनचा संपला १४ जानेवारी २०२० ला. त्या दिवशी भोगी. टेनचा संपला १४ ऑक्टोबर २०२५ ला, वसुबारसेला तीन दिवस असताना. अमेरिकेत बसून आमचे सणवार इतके अचूक गाठणं साधं काम नव्हे. शिवाय तिन्ही दिवस मंगळवार. त्यांच्या दुरुस्त्यांचे हप्तेही महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारीच येतात, असं पुतण्यानं सांगितलं.

‘मंगळवारी कोण असली कामं काढतं?’ आई म्हणाली. ‘म्हणूनच टिकत न्हाईत.’

मग सरळ विंडोज अकरा का घालू नये? तर अकराच्या अटी आहेत. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. आमचा तिसऱ्या पिढीचा. सोयरीक जमवतानासुद्धा आमच्यात एवढ्या पिढ्या कुणी मोजत नाही. अटींना बगल देऊन अकरा चढवणारी मंडळी आहेत, पण पुतण्या त्याला तयार होईना. त्याच्या मते तसं चढवलेलं कधी उतरेल सांगता येत नाही.

खरं म्हणजे आमच्या या मुलखानं हे सगळं फार आधी पाहिलंय. १९९८ साली वारणा खोऱ्यातली कोल्हापूर-सांगलीकडची सत्तर गावं संगणकानं जोडायचा प्रकल्प इथंच सुरू झाला. ‘वायर्ड व्हिलेज’ म्हणत त्याला. पैसा केंद्राचा, राज्याचा आणि थोडा वारणेच्या सहकारी संस्थांचा. उसाची नोंद, तोडीची परवानगी, वजन, बिल, हे सगळं गावातल्याच संगणकावर कळावं, त्यासाठी कारखान्यावर खेटा पडू नये, हा हेतू. देशभरातून माणसं बघायला येत. पुढं ते संगणक म्हातारे झाले. २००६-०७ च्या सुमाराला बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रातली मंडळी आली आणि सात गावांत त्यांनी प्रयोग म्हणून संगणकाच्या जागी मोबाईलचा एसएमएस बसवून पाहिला. शेतकऱ्यानं मेसेज टाकायचा, उत्तरात उसाचा हिशेब यायचा. म्हणजे विंडोजच्या माहेरच्याच माणसांनी इथं येऊन संगणकाला घरी बसवलं. एवढा थोर इतिहास मी पुतण्याला रंगवून सांगितला.

‘काका, स्क्रू पडलाय,’ तो म्हणाला, ‘पाय उचला.’

शेवटी लिनक्स घालायचं ठरलं. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या एका विद्यार्थ्यानं, लिनस टॉरवाल्ड्सनं, त्याचा गाभा लिहिला आणि जगाला मोकळा करून दिला, हे ऐकून आईला त्याच्या आईवडिलांची काळजी वाटली. फुकट देतोय म्हणजे पोरगं वाया गेलं असणार. मला फुकट हा शब्द कळला आणि मी होकार दिला. संध्याकाळी पुतण्या ओसरीवर उभा राहून मित्राशी फोनवर मोठ्यानं बोलत होता.

‘तारा लई जुनी झाली रं. उमा बरी होती, पण तिचंबी संपलं. काकांना विल्माच आणतो. झेपंल त्यास्नी.’

स्वयंपाकघरातला भाकरी थापायचा आवाज थांबला.

लिनक्स मिंट नावाच्या प्रकाराच्या आवृत्त्यांना बायकांची नावं देतात, तीही बाराखडीच्या नव्हे तर इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं; एकोणिसावी तारा, विसाव्याच्या पोटातली एक उमा, बाविसावी विल्मा, हे त्यानं काकूला समजावून सांगितलं. पिठाच्या हातानं ती शांतपणे ऐकत होती.

‘आणि ही विल्मा किती वर्षं राहणार?’

‘एप्रिल २०२९ पर्यंत, काकू.’

‘राहू दे. तोवर तिला भांडी घासायला सांग.’

विल्मा पेन ड्राइव्हमधून आली. जुन्या हार्ड डिस्कच्या जोडीला एक छोटी एसएसडी बसवली होती, तिच्यावर तिचा संसार मांडायचा होता. मध्येच लाईट गेली तर सगळं पहिल्यापासून, असा दम पुतण्यानं दिल्यामुळं घरात मिक्सर, इस्त्री आणि पंखा यांच्यावर बंदी आली. शेजारचे अण्णा बॅटरी आणि इन्व्हर्टर उचलून घेऊनच आले. त्यांच्यामागं त्यांचा नातू, नातवामागं गल्ली. आईनं ‘चांगभलं’ म्हटल्यावर पुतण्यानं एंटर दाबलं. सगळे श्वास रोखून हिरव्या पट्टीकडं बघत उभे. चहाला उकळी यायच्या आत ती पट्टी भरली, यंत्र बंद होऊन चालू झालं, आणि काही झालंच नाही. लाईटसुद्धा गेली नाही. गल्लीची घोर निराशा झाली. अण्णांनी बॅटरी तशीच उचलली आणि जाताना म्हणाले, ‘आमच्या वेळंला एक मोटर बसवायला दोन दिस लागायचं.’

संगणक आता चटकन उघडू लागला. ‘मग दात कधी घासणार?’ असं बायकोनं विचारलं.

खरी पंचाईत पुढंच होती. जुन्या डिस्कवर फ्लेक्सवाल्याची दहा-बारा वर्षांची कमाई तशीच पडून होती. लग्नपत्रिका, बारसं, दहाव्याचं कार्ड, वाढदिवस. फायलींची नावं ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘अंतिम खरं’ आणि ‘मालकांनी पास केलेलं’. एक उघडली तर फोटो जागच्या जागी, गॉगलसकट; पण मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस आणि डॉलरची चिन्हं. ही सगळी मराठी जुन्या फॉन्टांत टाइप झालेली. त्यात ‘क’ हा मुळात ‘क’ नसतोच. इंग्रजी अक्षराच्या घरात मराठी आकार भाड्यानं राहतो. फॉन्ट गेला की भाडेकरू गेला, मूळ मालक दारात उभा. युनिकोड आल्यावर हे थांबायला हवं होतं. र. कृ. जोशींसारख्या जाणत्यानं घडवलेला ‘मंगल’ फॉन्ट विंडोजमधून घरोघरी पोचलाही. पण ‘मंगल’मध्ये वाढदिवसाचा फ्लेक्स केला तर तो तलाठ्याच्या नोटिशीसारखा दिसतो, आणि त्याचे पैसे कोण देणार?

फ्लेक्सवाल्याला फोन केला. तो आला तो चप्पल काढता काढताच पडद्याकडं बघत. मला वाटलं, हा कपाळावर हात मारणार. त्यानं खुर्ची ओढली, त्या डॉलर-टिंबांवर बोट ठेवलं आणि घडाघडा वाचायला लागला, ‘लोकप्रिय, कार्यसम्राट, युवकांचे आशास्थान, भावी सरपंच...’ वेलांटीसुद्धा चुकली नाही. इतकी वर्षं हीच बटणं बडवलेली. त्याला फॉन्टची गरजच नव्हती.

पुतण्या थक्क होऊन बघत राहिला. बायकोनं चहा आणला. फ्लेक्सवाल्यानं खिशातून पेन ड्राइव्ह काढला.

‘बरं झालं, ही फाईल घावली. उद्याच लावायचा हाय. फोटो तसाच राहू दे, लोकप्रिय तसंच राहू दे. तेवढं भावीचं माजी करून द्या.’